डब्यातल्या एकशे अठ्ठ्याण्णव गोळ्या

व्हिडिओ एक मिनिट चाळीस सेकंदांचा होता. कोर्टाच्या पडद्यावर तो सुरू झाला तशी मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. शिमग्याची पालखी, ढोल, गुलाल, आणि पुढच्या दांडीला खांदा दिलेला माझा अशील महादेव, वय चौतीस. आमच्याकडे पालखी नुसती वाहत नाहीत, नाचवतात. दोन पावलं पुढे, एक मागे, मग गुडघ्यात वाकून अशी झुलवायची की देव डोलला पाहिजे, पण कलंडता कामा नये. महादेवचं एकही पाऊल चुकत नव्हतं.

सरकारी वकील शेट्येसाहेबांनी पिंजऱ्यातल्या साक्षीदाराला विचारलं, "हा पुढे कोण?"

"माजा भाव. म्हादू."

"हे कुठलं?"

"आमच्याच अंगणातलं. पालखी घरी आली तवाचं."

"म्हणजे घटनेच्या चौदा दिवस आधी."

"व्हय."

"पाऊल चुकतंय का कुठे?"

"न्हाय साहेब. म्हादू कदी चुकला न्हाय."

साक्षीदाराचं नाव दत्ताराम. महादेवचा थोरला भाऊ. आणि जिचा खून झाला त्या सुनंदाचा नवराही तोच. फिर्याद त्यानेच दिली होती. आरोपीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

उलटतपासासाठी, म्हणजे विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारण्यासाठी, मी पुढची तारीख मागितली. खरं सांगायचं तर त्या दिवशी विचारण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मी रत्नागिरीच्या कोर्टात सत्तावीस वर्षं वकिली करतो आहे. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारी खर्चाने वकील देतात. त्या वकिलांच्या यादीत माझं नाव आहे. हे प्रकरण लांज्याच्या पुढच्या एका गावातलं. दिराने भरदिवसा वहिनीवर कोयती चालवली, एवढीच बातमी सगळ्यांना माहीत होती. पेपरांनी 'नराधम' लिहिलं. लांज्यात मोर्चा निघाला, फाशीच्या मागणीचं निवेदन दिलं गेलं. तिथल्या एकाही वकिलाने वकीलपत्र घेतलं नाही. यादीत पुढचं नाव माझं होतं.

महादेवला आठ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया. त्याला आवाज ऐकू येत, ओळखीच्या माणसात कोणी दुसराच शिरलाय असं वाटे. रत्नागिरीला मनोरुग्णालयात त्याचे उपचार चालू होते. अटकेनंतर त्याला तिथेच भरती केलं आणि सात महिने खटला थांबला. आरोपीला आपल्यावर काय चाललंय हे कळत नसेल तर खटला चालवता येत नाही. तो सावरला, डॉक्टरांनी तसा दाखला दिला, मग त्याला तुरुंगात आणून खटला सुरू झाला.

इथे वाचकांचा एक गैरसमज आधी दूर करतो. कागदावर वेडा ठरलेला माणूस खून करून सुटतो, असं लोकांना वाटतं. कायदा आजाराचं नाव विचारत नाही. तो एवढंच विचारतो, की ज्या घटकेला कृत्य झालं त्या घटकेला, आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हे समजण्याची शक्ती आजारामुळे गेली होती का. आदल्या वर्षीची फाईल उपयोगाची नाही, नंतरचीही फारशी नाही. ती घटका सिद्ध करायची, आणि ती आरोपीने करायची. सरकार पक्षाला आपलं माप काठोकाठ भरावं लागतं. आम्हाला मात्र पारडं आपल्या बाजूला झुकवलं तरी पुरतं. तेही सोपं नसतं, कारण त्या घटकेचा साक्षीदार सहसा उरलेला नसतो.

मला वहीत दोन रकाने करायची सवय आहे. उजवीकडे विरुद्ध बाजू लिहिली. एक, व्हिडिओ. चौदा दिवस आधी हा माणूस इतरांच्या पावलाला पाऊल लावून पालखी नाचवतोय. दोन, मनोरुग्णालयाची औषधांची नोंदवही. दर तीस दिवसांनी नव्वद गोळ्या, एकही खेप चुकलेली नाही. रोज तीन गोळ्या, सकाळी एक, रात्री दोन. घटनेच्या तेरा दिवस आधीची खेपही नेलेली. डॉक्टरांनी लेखी म्हटलं होतं, की नियमित औषध घेणाऱ्या रुग्णाची लक्षणं बहुधा आटोक्यात असतात. तीन, कृत्यानंतर त्याने कोयती विहिरीवर धुतली.

डावीकडे एकच ओळ होती. गावच्या पोलीसपाटलाचा जबाब. पाटील पोचले तेव्हा महादेव पडवीत मांडी घालून, पुढ्यात रिकामं ताट घेऊन बसला होता. कोयती रोजच्या खुंटीला टांगलेली. तो पाटलांना म्हणाला, "ती दुसरी बाई गेली. आता वहिनी येल, वाढील."

शेट्येसाहेब बाररूममध्ये म्हणाले, "ताटाचं नाटक आहे हो. अशी ताटं मी बरीच पाहिली."

"फाशी मागणार?"

"निवेदन आलंय. वर्तमानपत्रं बघताय. मागावी लागेल." मग म्हणाले, "मिळेल असं नाही म्हटलं मी."

म्हणून मी दुसराही युक्तिवाद लिहून ठेवला होता. दोषी ठरलाच, तर आजारी माणसाला फाशी का देऊ नये, याचा. अकरा पानं. ती पानं लिहिताना बचाव सोडल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात मी तुरुंगात महादेवला भेटलो. तो टेबलापलीकडे शांत बसला. मी एका कागदावर सही मागितली. त्याने पेन घेतलं आणि त्याचा हात थरथरायला लागला. थोडाथोडका नाही. पेनाचं टोक कागदावर टकटक वाजत होतं. सही करायला त्याला मिनिटभर लागलं.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"गोल्यांनी व्हतं." तो म्हणाला. "पयल्यापासून."

"घरी असतानाही?"

"व्हय. च्या सांडायचा. वहिनी अर्धाच कप भरायची."

वहिनी म्हणताना त्याचा आवाज बदलला नाही. काय झालं ते त्याला आता डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. ते त्याच्या आत कुठवर पोचलं होतं, मला कळलं नाही.

गाडीत बसल्यावर मी मोबाइलवर तो व्हिडिओ पुन्हा लावला. एकतिसाव्या सेकंदाला महादेव दांडी एका हाताने धरतो आणि दुसऱ्या हाताने कपाळावरचा गुलाल पुसतो. हात दगडासारखा स्थिर. मी तेवढे चार सेकंद पाच वेळा पाहिले. नोंदवही म्हणत होती, औषध चालू आहे. हात म्हणत होता, नाही.

मी घटनास्थळ पाहायला म्हणून गावी गेलो. वकिलाला तो हक्क असतो, पण सरकार पक्षाच्या साक्षीदाराच्या घरी जाणं नाजूक. मी गावातल्या दोन माणसांना बरोबर घेतलं, त्यांच्यासमोरच बोललो. दत्तारामने बसायला घोंगडी टाकली, कोरा चहा ठेवला. त्याची मुलगी मामाकडे मुंबईला नेलेली. घरात तो एकटा.

मी म्हणालो, "दत्तारामभाऊ, मी आरोपीचा वकील आहे. माझ्याशी बोलायची सक्ती नाही. आणि काय बोलायचं ते मी सांगणारही नाही."

"इचारा."

"पालखीच्या वेळी महादेवचे हात थरथरत का नव्हते?"

तो उठून आत गेला आणि एक चौकोनी पत्र्याचा डबा घेऊन आला, बिस्किटांचा असतो तसा. झाकण काढलं. आत गोळ्यांच्या पट्ट्या.

"आमच्या घराला पुडल्या खांद्याचा मान हाय," तो म्हणाला. "आजापासनं. म्हादू आजारी पडला तवापासनं त्याला दांडी धराय मिळाली न्हाय. हात थरथरायचं. देवाला पाडील म्हणून गावकार मागं उभा करायचं. दर शिमग्याला खांबाला टेकून रडायचा. यंदा म्हटलं, दीड म्हयना गोल्या बंद ठेवू. शिमगा झाला की परत चालू."

"कधी बंद केल्यात?"

"माघी गणपतीच्या दुसऱ्या दिशी."

"मग दर महिन्याला औषध का आणत होतात?"

"न्हाय आणलं तर डाक्टर इचारणार. नाव कापतील म्हणून भ्यालो." त्याने झाकण लावलं. "आन् नाचला ओ तो. मुंबयची मानसं बगत रायली. दुसऱ्या दिशी मीच दवाखान्यात जाऊन गोल्या आणल्या. द्यायच्या म्हणून आणल्या. पन एवडा बरा दिसत व्हता, म्हटलं, जाऊ दे अजून चार दिस."

मी डब्याला हात लावला नाही. पट्ट्या मोजल्याही नाहीत. पुरावा वकिलाच्या हातातून गेला की त्याला वास लागतो. मी दत्तारामला एवढंच सांगितलं, की हा डबा कोर्टात हजर करण्याचा अर्ज मी करणार आहे.

"कोर्टात सगल्यांसमोर सांगावं लागल?"

"मी विचारीन. मग खरं ते सांगावं लागेल."

"सुनंदाचं भाव असतील तितं."

"असतील."

तो डबा उचलून आत ठेवून आला. मी चहा संपवला आणि निघालो.

घरी आल्यावर बायकोला, माधुरीला, सगळं सांगितलं. ती हायस्कूलमध्ये गणित शिकवते. तिने लगेच विचारलं, "किती गोळ्या होत्या?"

"मोजल्या नाहीत."

"आणि त्याने तारखेच्या आत विहिरीत टाकल्या तर?"

"तर टाकल्या."

"अहो, पोलीस पाठवून जप्त करून घ्या की."

तो विचार माझ्याही मनात आला होता. पण बायको गमावलेल्या माणसाच्या घरी पुन्हा पोलीस पाठवायचे, ते माझ्या सांगण्यावरून, हे मला जमेना. शिवाय त्याने स्वतः आणला तरच त्या डब्याला अर्थ होता. चूक झाली असती तर ती महादेवला भोवली असती, हेही मला कळत होतं. तारखेपर्यंतचे दोन आठवडे मला नीट झोप नव्हती.

हातात नोंदवही होती, म्हणून हिशेब आधीच करून ठेवला. माघी गणपतीच्या दुसऱ्या दिवसापासून घटनेच्या आदल्या दिवसापर्यंत बरोबर पन्नास दिवस. दिवसाला तीनप्रमाणे दीडशे गोळ्या. शेवटची खेप घटनेनंतरही सतरा दिवस पुरली असती, त्या गोळ्या एक्कावन्न. एकूण दोनशे एक. ही एक्कावन्न आमच्या बाजूची नव्हेत, ती वेगळी दाखवायला हवीत, असं वहीत लिहिलं. आकडा फुगवला की खराही खोटा दिसतो.

अर्जाची प्रत शेट्येसाहेबांना दिली. "आमच्या फिर्यादीकडे चहा झाला म्हणे," ते म्हणाले.

"कोरा होता."

"साक्षीदार फोडलात तर तक्रार करीन हं."

"म्हणून तर अर्ज आधी तुमच्या हातात देतोय."

त्यांनी अर्ज दोनदा वाचला. हरकत घेतली नाही.

तारखेला दत्ताराम एसटीने आला. मांडीवर डबा, वर पंचा गुंडाळलेला. मागच्या बाकावर सुनंदाचे दोन भाऊ बसले होते. न्यायाधीश मॅडमनी कोर्टाच्या कारकुनांना सगळ्यांसमोर गोळ्या मोजायला सांगितलं. त्यांनी टेबलावर पट्ट्या ओळीने मांडल्या. एकोणीस पूर्ण पट्ट्या, दहा दहाच्या. विसाव्या पट्टीत आठ.

एकशे अठ्ठ्याण्णव.

माझ्या वहीत दोनशे एक होते. तीन कमी. एका दिवसाच्या.

मनोरुग्णालयाच्या औषध विभागातली बाई साक्षीला आली होती. पट्ट्यांवरचे बॅच नंबर नोंदवहीशी जुळतात, असं तिने सांगितलं. मग दत्ताराम पुन्हा पिंजऱ्यात उभा राहिला. गोळ्या का थांबवल्या ते मी विचारलं आणि त्याने गावी सांगितलं तसंच इथेही सांगितलं, शब्द फार न बदलता. मागच्या बाकावरून कोणीतरी दात आवळून शिवी दिली. मॅडमनी वर पाहिलं, पुन्हा शांतता झाली.

तीन गोळ्यांचा प्रश्न मी टाळू शकलो असतो. शेट्येसाहेबांनी नोंदवहीची बेरीज केली असती की नाही, कोण जाणे. पण फरक मला दिसत होता, आणि दिसलेला फरक मागे ठेवून मला पुढे बोलता येत नाही.

"दत्तारामभाऊ, तुम्ही म्हणता पन्नास दिवस एकही गोळी दिली नाही. मग एका दिवसाच्या तीन गोळ्या कमी कशा?"

तो म्हणाला, "सुनंदानं दिल्या."

"कधी?"

"शेवटच्या आटवड्यात. तो तिच्या हातचं जेवत नव्हता. पयला घास मांजराला घालायचा. आपल्याशीच बोलायचा. ती मला म्हणाली, अवो, ह्याचं परत चालू झालं, गोल्या द्या. मी म्हटलं, उंद्या बगू. तिनं एक दिस कुटून आमटीत घातल्या. मला संध्याकाळी सांगितलं. मी तिच्याव वराडलो."

शेट्येसाहेब उठले. आपल्याच साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारायची परवानगी त्यांनी घेतली. "म्हणजे आमटीत काहीतरी घातलं हे आरोपीला कळलं होतं? त्याचा राग होता वहिनीवर?"

"राग न्हाय साहेब. भ्यायचा. मला म्हणाला, दादा, ही आपली वहिनी न्हाय, आपलीला हिनं कुटं ठेवलंय इचार."

शेट्येसाहेब खाली बसले. त्या दिवशी त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

पुढे डॉक्टरांची साक्ष झाली. मी दोनच गोष्टी विचारल्या. या औषधाने हात थरथरतात का? अनेकांचे थरथरतात, औषध थांबलं की थरथर जाते. औषध थांबल्यावर आजार कधी उलटतो? काही आठवड्यांत उलटू शकतो, आणि मधले काही दिवस माणूस औषधावर होता त्यापेक्षाही तरतरीत दिसतो. मॅडमनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. या वेळी सगळे पावलांऐवजी हाताकडे बघत होते.

युक्तिवादात मी फार बोललो नाही. धुतलेल्या कोयतीबद्दल म्हणालो, की पुरावा लपवणारा माणूस ती विहिरीत टाकतो. हा रोजच्यासारखी धुऊन खुंटीला लावतो आणि ताट घेऊन बसतो. रागाने मारणारा माणूस त्याच बाईने जेवायला वाढावं म्हणून तिची वाट बघत नाही. त्याच्या लेखी वहिनी अजून यायची होती. शेट्येसाहेबांनी आपल्या कर्तव्याप्रमाणे शिक्षा मागितली, पण फाशी हा शब्द उच्चारला नाही.

निकाल असा लागला. कृत्य महादेवनेच केलं हे सिद्ध. त्या घटकेला आजारामुळे त्याची समज गेली होती हेही मान्य. म्हणून निर्दोष. आणि त्याच आदेशात, त्याला मोकळं सोडायचं नाही, मनोरुग्णालयात सुरक्षित ताब्यात ठेवायचं, डॉक्टर आणि सरकार म्हणतील तोपर्यंत. ते पाच वर्षंही असू शकतं, जन्मभरही. माझी अकरा पानं वापरावी लागली नाहीत. ती फाईलमध्ये आहेत.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, 'नराधम निर्दोष सुटला'. दोघातिघांनी फोन करून मला सुनावलं. तो सुटलेला नाही, हे सांगत बसलो नाही. सुनंदाचे भाऊ मात्र मला कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटले होते. थोरला म्हणाला, "आमची बहीण गेली, त्याचं काय?" मला एवढंच माहीत आहे, की त्या घरात आजार उलटलाय हे सगळ्यांत आधी तिने ओळखलं होतं. महादेवच्या बाजूचा सगळ्यांत नेमका पुरावा, त्या कमी पडलेल्या तीन गोळ्या, तिनेच मागे ठेवला होता. तिचं त्याच दिवशी कोणी ऐकलं असतं तर मला हे लिहायची वेळ आली नसती.

धंद्यात मी एक गोष्ट शिकलो. दवाखान्याच्या नोंदवहीत 'दिल्या' असा रकाना असतो, 'घेतल्या' असा नसतो. त्या दोन्हींच्या मध्ये एक घर असतं. तेव्हापासून अशा प्रकरणात मी कागद वाचायच्या आधी घरातला डबा कुठे आहे ते विचारतो.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका कामासाठी मनोरुग्णालयात गेलो होतो. भेटीच्या दिवसाची रांग होती, त्यात दत्ताराम. दर महिन्याला येतो म्हणाला. मुलगी अजून फोनवर बोलत नाही. गावात पुढच्या खांद्याचा मान त्याने दुसऱ्या घराला दिला. नर्स महादेवला गोळी देते, तोंड उघडून दाखवायला सांगते, तेव्हा हा तिथे उभा राहून बघतो.

मी विचारलं, "हात कसे आहेत त्याचे?"

"थरथरतात साहेब. लई थरथरतात. च्या सांडतो." रांग पुढे सरकली तसा तोही सरकला. "थरथरू देत. मी अर्धाच कप भरून देतो."